मी आखलेल्या वाटेने ती गेली

मी सायकल शिकले ती दोह्यात, सदतिसाव्या वर्षी. जळगावला घरात सायकल होती, पण ती भावाची होती आणि मला कधी तिच्यावर बसावंसंही वाटलं नव्हतं.

शिकवलं ते माझ्या मैत्रिणीने. ती वसईची, इथे एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. पाठदुखी घेऊन मी तिच्याकडे गेले होते. टेबलावर पालथी पडून नवऱ्याशी फोनवर बोलत होते, तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो, तुम्ही मराठी? मग इतका वेळ इंग्रजीतून का कण्हताय?"

मी हसले आणि पाठीतून कळ आली.

"दिवसभर खुर्चीत बसून पाठ अशीच होणार," ती म्हणाली. "सायकल चालवा."

"येत नाही."

"मग शिकवते. शुक्रवारी या."

ती अल अझीझियात राहायची. जवळच्या पार्कमध्ये तिने मला तिची जुनी सायकल दिली आणि सीट धरून मागून पळाली. तिसऱ्या शुक्रवारी मी गवतावर आपटले, गुडघा फुटला. तिने बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली आणि म्हणाली, "पायाकडे बघतेस म्हणून पडतेस. पुढे बघ. यल्ला, चल, परत." त्या दिवशी ती 'अहो'वरून 'अगं'वर आली. वर्षभरात आम्ही दोघी हायवेच्या कडेने अल खोरकडे जाणाऱ्या सायकल ट्रॅकवर जायला लागलो. उन्हाळ्यात उजाडायच्या आत निघायचं, थंडीत आरामात. ती पुढे, मी मागे. सावली दिसली की ती थांबायची, मी पोचले की मला पाणी प्यायला द्यायची आणि पुन्हा निघायची. इतकं सख्य असलेली मैत्रीण मला लग्नानंतर दुसरी मिळाली नाही.

इंग्लंडचं तिनेच काढलं. ऑगस्टच्या उकाड्यात गाडीत एसी लावून आम्ही इथला दुधाळ, कडक करक चहा पीत होतो. तिने फोन पुढे केला. एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची झुडपांची कुंपणं, पलीकडे एकामागून एक हिरव्या टेकड्या आणि खाली दरीत मधाच्या रंगाच्या दगडांचं गाव.

"कॉट्सवोल्ड्स," ती म्हणाली. "आपण जायचं?"

"एवढे चढ मला जमतील?"

"दोन वर्षांत जमतील. रस्ते आखणं तुझं काम आहे. तू रूट काढ. मी तुझ्यामागे डोळे झाकून येते."

रस्ते आखणं खरंच माझं काम. वेस्ट बेमधल्या एका ऑफिसात मी रस्त्यांची डिझाइन्स करते. इथली जमीन इतकी सपाट की चढ म्हणजे फ्लायओव्हर आणि उतार म्हणजे अंडरपास. त्यामुळे त्या इंग्लिश रस्त्यांनी मला वेडच लावलं. जेवणं झाली की मी लॅपटॉप उघडायचे आणि तिथल्या एकेका गल्लीतून स्क्रीनवरच फिरायचे. मोठे रस्ते टाळले. रोमन लोकांनी बांधलेला एक सरळसोट रस्ता घेतला, कारण त्याच्या शेवटी लोकरीच्या व्यापाऱ्यांनी उभारलेलं मोठं चर्च होतं. एका गावात ओढा रस्त्यावरूनच वाहत होता, तिथून रूट मुद्दाम नेला. एका गावाच्या मधोमध दगडी खांबांवरचा जुना बाजार होता, चारी बाजूंनी उघडा. तिथे पहिल्या दिवशीचा डबा खायचा असं ठरवलं. प्रत्येक चढ किती अंगावर येईल ते बघितलं आणि जो फार होता त्याला वळसा घातला. तयार झालेला प्रत्येक टप्पा मी तिला पाठवायचे. ती लिहायची, "बाई, तू ग्रेट आहेस."

चढांचा सराव आम्ही ट्रॅकवरच्या अंडरपासमध्ये केला. खाली उतरायचं, वर यायचं, वळायचं, पुन्हा खाली. लोक हसत जायचे. मी वर येईपर्यंत ती दोनदा जाऊन यायची, पण एकदाही कुरकुरली नाही.

व्हिसे आले. नवऱ्याने आमच्या लेकीला सांभाळायला तेवढे दिवस सुट्टी टाकली. निघायला आठवडा उरला असताना तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"आई बाथरूममध्ये पडली गं. कंबरेचं हाड गेलंय. मी उद्या वसईला निघते."

मी म्हटलं, "तू इंग्लंडचं काही मनात आणू नकोस. आधी आई. मी माझंही कॅन्सल करते."

"तू जा ना," ती म्हणाली, पण हळू.

"तुझ्याशिवाय? वेडी आहेस का?"

तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "सॉरी." मला वाटलं, आईमुळे रडतेय.

त्या दिवसांत मी रोज मेसेज करायचे, काकू कशा आहेत. "बऱ्या आहेत," एवढंच उत्तर यायचं, तेही उशिरा. माझा भाऊ ठाण्याला असतो. मी लिहिलं, त्याला फळं घेऊन पाठवते, काही लागलं तर मदत होईल. लगेच उत्तर आलं, "नको, नको. भेटायला कोणाला सोडत नाहीत." ती परतल्यावर तिच्या घरी आमटीभात घेऊन गेले. चेहरा उन्हाने रापलेला होता. हॉस्पिटलच्या खेपा घालून दमली असेल, असं मी धरून चालले. त्या दिवशी तिने मला दारात घट्ट मिठी मारली होती.

माझा व्हिसा तसाच संपला.

हवा पुन्हा थंड झाली तेव्हा आम्ही दोघी ज्यात होतो त्या सायकल क्लबची पहिली शुक्रवारची राइड होती. ट्रॅकच्या सुरुवातीला मी चाकात हवा भरत होते. क्लबमधला एक वयस्कर इंग्लिश शिक्षक माझ्याकडे आला. आमची ओळख मान हलवण्यापुरतीच होती.

"तुझे आभार मानायचे राहिले होते," तो इंग्रजीत म्हणाला. "मी तिथे लहानाचा मोठा झालो, पण तू शोधलेले रस्ते मलाही माहीत नव्हते. त्या ओढ्यातून जाताना आम्ही पोरांसारखे ओरडत होतो."

मला काही कळेना. "कुठला ओढा?"

"कॉट्सवोल्ड्सचा! मे महिन्यात आम्ही चौघं गेलो ना, तुझ्या मैत्रिणीबरोबर." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुझ्या मिस्टरांनी परवानगी दिली नाही, हे ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं."

मी पंप हातात धरून उभी राहिले. काय बोलले आठवत नाही. बहुतेक "थँक यू" म्हटलं असेन.

ती पुढच्या घोळक्यात होती. मी पोचले तेव्हा नेहमीच्या सावलीपाशी ती थांबली होती, नेहमीसारखी बाटली पुढे केली. मी ती घेतली नाही.

"काकूंचं हाड जुळलं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि ती समजली. हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं.

"तिला काही झालं नव्हतं," ती म्हणाली.

"का?"

"तू हळू आहेस." हे ती अगदी शांतपणे म्हणाली. "तीन वर्षं मी थांबतेय. प्रत्येक सावलीत थांबतेय. मला एकदा, फक्त एकदा, माझ्या वेगाने जायचं होतं. ते लोक निघाले होते. मी त्यांना रूट दाखवला, त्यांना आवडला."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जा. मग मला जाता आलं नसतं."

ती म्हणत होती ते खरं होतं. मी 'जा'च म्हटलं असतं.

"आणि माझा नवरा? त्याने काय केलं होतं तुझं?"

तिने बाटलीचं झाकण लावलं. मागून येणारे सायकलवाले घंटी वाजवत निघून गेले. मग ती म्हणाली, "त्यांना काहीतरी कारण सांगायला लागलं. ते पटकन पटतं लोकांना."

मी वळले आणि एकटीच परत आले. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी पोचेपर्यंत डोळ्यांतून पाणी आलं नाही. नवरा कांदेपोहे करत होता. मी सगळं सांगितलं. परवानगीचं ऐकून तो आधी हसला. "मी कधीपासून परवानग्या द्यायला लागलो?" मग त्याने गॅस बंद केला आणि कट्ट्याला टेकून उभा राहिला. सुट्टीसाठी मॅनेजरशी भांडला होता तो. जेवताना एवढंच म्हणाला, "भावाला फळं घेऊन पाठवणार होतीस तू." तेव्हा मी रडले.

पुढच्या मे महिन्यात मी एकटी गेले. त्याच रस्त्याने. दुसरा आखायचं मनात आलं होतं, पण तो रस्ता माझा होता आणि मी तो सोडणार नव्हते.

कुंपणांवर पांढरी फुलं आली होती, त्यांना गोडसर, थोडा कुबट वास होता. टेकड्या खऱ्याच लाटांसारख्या होत्या; एक चढून श्वास घेते न घेते तोच पुढची समोर. तीन चढांवर उतरून सायकल ढकलली. मेंढ्या चरणं थांबवून माझ्याकडे बघायच्या. पाऊस तिरका यायचा, जायचा, पुन्हा यायचा. गावं सुंदर होती, मी स्क्रीनवर पाहिली होती त्याहून सुंदर. दगडी घरांच्या भिंतींना गुलाब, चर्चच्या आवारात थडग्यांचे कलते दगड, पाटी नसलेली एक बेकरी. पण प्रत्येक ठिकाणी मला ती आधी येऊन गेलेली दिसायची. दगडी बाजारात खांबाला टेकून मी डबा उघडला आणि ते कुठे बसले असतील याचाच विचार करत राहिले. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "एकट्याच निघालात?" मी हो म्हटलं. "धाडसी आहात," ती म्हणाली. मला धाडसी व्हायचं नव्हतं. मला बरोबर कोणीतरी हवं होतं.

ओढ्यात चाक घसरलं, मी गुडघ्यापर्यंत भिजले आणि सवयीने हसून मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

आता आम्ही वेगवेगळ्या ग्रुपमध्ये सायकल चालवतो. दिसलो की हात करतो. गेल्या महिन्यात ट्रॅकवर माझं चाक पंक्चर झालं. ती मागून आली आणि थांबली. न विचारता सायकल उलटी केली, टायर सोडवला. मी ट्यूब बदलली, तिने चाक धरलं. दोघींचे हात काळे झाले.

हवा भरताना ती म्हणाली, "इंग्लंडला पाऊस लागला का गं तुला?"

"लागला."

"आम्हाला नाही लागला," ती म्हणाली. हात रुमालाला पुसले आणि निघून गेली.