गोकुळदासाची आबोलीवाली

गोकुळदासाने उभ्या आयुष्यात एकही भूत पाहिलं नाही, पण त्रेचाळीस भुतं जन्माला घातली. वाळपईच्या सरकारी कचेरीत तो कारकून होता. आठवडाभर तिथेच खोली करून राहायचा आणि शनिवारी पेडण्याकडच्या आपल्या गावी परतायचा. दुपारी बाकीचे कारकून डब्यानंतर पेंगायला लागले, की हा फुलस्केप कागद काढून कुणाचा तरी गळा दाबायला बसायचा. आणि स्वतः एवढा भित्रा, की दिवे गेले तर बायकोला हाक मारल्याशिवाय जागचा हलत नसे. सुविधा म्हणायची, "लोकांक भियेवन मारता आणि हांगा माका न्हाणयेपर्यंत घेवन वता!"

त्याच्या कादंबऱ्या कोल्हापूरला छापल्या जात. बसस्टँडवरच्या स्टॉलवर त्या शेंगदाण्यांसारख्या खपत. प्रकाशक सुभाषराव यांचा एकच मंत्र होता : जागा खरी हवी. वाचक रोज ज्या स्टॉपवर उतरतो, तिथेच त्याला भूत भेटलं पाहिजे, मग तो पुस्तक विसरत नाही. गोकुळदासाने हा मंत्र इतका मनावर घेतला, की खऱ्या जागांबरोबर खरी माणसंही उचलू लागला. वाळपईचा न्हावी, कचेरीतला शिपाई, कुणाची चाल, कुणाचं नाक. नाव बदललं की झालं, असं त्याला वाटे. एवढा लिहिणारा माणूस, पण माणूस नावावरून ओळखला जात नाही, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

गावच्या स्टॉपवर वडाखाली गंगा बसायची. नवरा लवकर गेलेला, पदरात सिद्धी नावाची मुलगी. केळीच्या दोऱ्यात आबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफून ती विकायची. गंगेच्या अर्ध्या चेहऱ्यावर कोड होतं. आवाज घोगरा, पण हाक गोड. बस थांबली की म्हणायची, "माळून वच गो बाये, ताजी आसत!" गावात लग्न असो की चवथ, फुलं तिच्याकडचीच.

दोन हजार एक साली गोकुळदासाने 'आबोलीवाली' लिहिली. तिच्यातल्या हडळीचं नाव यमू. वडाखाली बसणारी, अर्धा चेहरा पांढरा, आवाज घोगरा. तिच्याकडून वळेसर घेऊन जी माळेल, ती सात दिवसांत खलास. हाकही त्याने जशीच्या तशी उचलली होती.

गावाने ते पुस्तक डोक्यावर घेतलं. गावातला लेखक, गावचं नाव, गावचा वड! वाचनालयाने सहा प्रती घेतल्या. ज्यांनी वर्तमानपत्राशिवाय काही वाचलं नव्हतं, त्यांनीही ते रात्रभरात संपवलं. सुरुवातीला सगळे हसले. बसमधली पोरं खिडकीतून गंगेला 'यमू' म्हणून ओरडायची. मग हळूहळू बायका म्हणू लागल्या, "आज नाका गो, घरची आसत." तिला कुणी वाईट बोललं नाही, हुसकावलंही नाही. सगळे तिच्याशी चांगलेच वागत होते, फक्त तिची फुलं कुणी घेत नव्हतं. शुभकार्यात उगाच विषाची परीक्षा कशाला, एवढंच.

त्याच वर्षी गोकुळदासाच्या पुतणीचं लग्न होतं. सुविधा सहज म्हणाली, "फुलां म्हापशाहून हाडुया हां." गोकुळदास पानाला चुना लावत होता. यमू कुठून आली, हे अख्ख्या गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो नुसतं "बरां" म्हणाला आणि पान तोंडात टाकलं. पुढे बावीस वर्षं त्याला स्वतःच्या कुठल्याही भुतापेक्षा त्या 'बरां'ची जास्त भीती वाटत आली.

गंगेने पावसाळ्यापर्यंत दम धरला. मग घराला कुलूप लावून लेकीसह हरमलला गेली. तिथे पर्यटकांच्या खोल्या झाडायचं काम मिळालं. गोऱ्या लोकांना मराठी वाचता येत नाही, एवढं बरं होतं.

गेल्या वर्षी सुभाषरावांचा फोन आला. 'आबोलीवाली'ची नवी आवृत्ती काढायची, रंगीत मुखपृष्ठ, आणि गावातच प्रकाशन. तरुण मंडळाने सत्काराची तारीखही धरली होती. गोकुळदासाने दोन दिवस मागून घेतले. तो आता अडुसष्ट वर्षांचा होता. गंगेची माफी मागितल्याशिवाय शाल अंगावर घेणं त्याला जमणार नव्हतं. सकाळच्या बसने तो हरमलला गेला.

एका गेस्टहाऊसच्या मागे गंगा चादरी वाळत घालत होती. केस पिकलेले, कोड आता हातांवरही उतरलेलं. तिने त्याला चटकन ओळखलं.

"गोकुळा? ये रे, बस. च्या करतंय."

"गंगावयनी, च्या नाका. माका तुका एक सांगूचा होता." बसमध्ये घोकून आणलेलं पहिलं वाक्य त्याने काढलं. "ता पुस्तक..."

"खबर आसा माका," गंगा म्हणाली. रागाचं काहीच नव्हतं तिच्या आवाजात, आणि तेच त्याला जास्त लागलं. "माका वाचूक खंय येता? सिद्धीन वाचून दाखयलां. अर्ध्यापर्यंत वाचलां आणि रडूक लागला. पुस्तक चुलीत घातलां." चादर झटकून ती त्याच्यासमोर टेकली. "मगे कोणाक विचारूक धीर जावक नाय. आज तूच इलंस. सांग, त्या यमूचा शेवटाक काय झाला?"

शेवटच्या प्रकरणात सगळा गाव वडाखाली जमतो आणि यमूला तिच्या टोपलीसकट जाळतो. वाचक त्याच पानावर टाळ्या वाजवत. सुभाषराव म्हणत, हे पुस्तक शेवटावरच खपतं.

"ती..." तो म्हणाला, "ती घराक गेली."

"घराक?"

"होय. तिचा चेडू इला, पोटची लेक. हाताक धरून तिका घराक घेवन गेला. गावचे लोक वाटेर उभे रवले. कोण कायेक बोलूक नाय."

गंगेने पदराने डोळे पुसले.

"बरां केलंस रे," ती म्हणाली. "इतकी वर्षां माका वाटी, तू तिका मारलंस. मनात राग धरून रवलंय तुजो. देव बरां करूं तुजा, पुता."

माफी मागायला आलेला गोकुळदास मान खाली घालून बसला. माफी तर त्याला मिळाली होती, पण त्याने न लिहिलेल्या पुस्तकासाठी.