विद्यार्थिनीनं तपासलेलं पान

नांदेडला आम्हा जिल्हा परिषदेच्या मास्तरांचं इंग्रजीचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेली मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली, बिलोलीकडच्या शाळेतली. आल्या आल्या सगळ्यांदेखत पाया पडली. मग काय, मी शेफारलो. जेवताना ज्याला त्याला ऐकवलं, ही आमच्याच हाताखालून गेली म्हणून.

सकाळी तिनं आम्हाला वडिलांविषयी इंग्रजीत लिहायला लावलं होतं. दुपारी पानं परत आली, ती एकजात लालभडक. माझं तेवढं कोरं करकरीत, खाली फक्त 'छान, सर'. मी ते मुद्दाम बाकावर उघडं ठेवलं. शेजारी हिमायतनगरच्या एक बाई होत्या. त्यांनी डोकावून बघितलं आणि स्वतःचं पान पुढं केलं.

"सर, मी बी ह्येच लिवलंय की. मला फुली, तुमाला न्हाई?"

वाक्य होतं, 'माय फादर आर अ फार्मर.' वडिलांना 'इज' म्हणणं मला कायम अरेतुरे केल्यासारखं वाटत आलंय. वडील 'आहेत', म्हणून 'आर'. पोरांनाही मी असंच शिकवत आलो.

म्हणजे फुली माझ्याही पानावर हवी होती. सोमवारी हेच पुन्हा पाचवीच्या फळ्यावर लिहिणार होतो. सगळे चहाला गेल्यावर पान घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो.

"पोरी, माझ्या चुका का काढल्या न्हाईस?"

"तुमच्या पानावर लाल पेन कसं चालवू, सर?"

"चालव. मला पोरांना शिकवायचंय."

तिनं फुली मारली, पण पेन्सिलीनं, अगदी बारीक. मी विचारलं, "तुला कधी कळलं, हे चूक हाय म्हणून?"

ती खाली बघत म्हणाली, "लातूरला, कॉलेजात. पहिल्याच दिवशी ओळख करून द्यायची होती. मी वडिलांचं तसंच बोलले. सगळा वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, कुणी शिकवलं हे? मी म्हणलं, कुणी न्हाई, माझं मीच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझं नाव सांगायचं की गं," मी कसंबसं म्हणालो.

"तुमाला हसले असते, सर," ती म्हणाली. "मला हसले तर चालतंय."