पाच सकाळी, नुसतं पडून

पंधरा वर्षं मी व्यायाम करतोय. धावणं, जोर, वजनं. एक दिवस जरी चुकला तरी मला घरात कुणी सहन करू शकत नाही. म्हणून लोणी काळभोरच्या एका कॉलेजातल्या संशोधक बाईंना नियमित व्यायाम करणारे पुरुष हवेत असं कळल्यावर मी लगेच नाव दिलं. अशा माणसांच्या रक्तातले हार्मोन विश्रांतीच्या वेळी रोज सारखेच असतात की बदलतात, हे त्यांना बघायचं होतं. पाच दिवस सकाळी ठरलेल्या वेळी, उपाशीपोटी रक्त द्यायचं. तेवढे दिवस व्यायाम बंद. आणि सुई टोचण्याआधी अर्धा तास नुसतं पडून राहायचं.

तो अर्धा तास मला जड गेला. पडल्या पडल्या पाय हलायचे, बोटं चादर चिमटत राहायची.

"अहो, शर्यत नाहीये इथे," बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "पडून राहायचं आपण. बाकी काही येत नसलं तरी चालेल."

तिसऱ्या सकाळी मी हट्टाने माझे आकडे विचारले. टेस्टोस्टेरॉन पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी खाली होतं. झालं! खराडीच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनवर लक्ष लागेना. दोन वर्षं आम्ही मुलाची वाट पाहत होतो. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. माझी मात्र मी टाळत आलो होतो. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याला काय होणार?

चौथ्या दिवशी राहवेना. नियम मोडून पहाटे नदीकाठाने दम लागेपर्यंत धावलो आणि तसाच रक्त द्यायला गेलो. सुई टोचायच्या आधी मात्र बाईंना खरं सांगून टाकलं.

त्यांनी वही मिटली. "म्हणजे आजचा दिवस वाया. आता सांगा, का धावलात?"

मी सगळं सांगितलं. त्यांचा आवाज जरा खाली आला. "एवढं खालीवर सगळ्यांचंच होतं. तुमचा आकडा स्थिरच आहे. पण वडील होता येईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्याची तपासणी वेगळी असते. ती केलीत?"

मी मान हलवली. नाही.

नारायण पेठेतल्या घरी आलो तेव्हा बायको डबा भरत होती. म्हटलं, "माझ्या तपासणीची वेळ घेशील?"

"तीन महिन्यांपूर्वीच घेतलीय," ती म्हणाली. "दर वेळी मीच पुढे ढकलते. तुला सांगायचं कसं, कळत नव्हतं."

तिच्या हातातली पोळी तशीच राहिली. मी ती घेऊन डब्यात ठेवली, म्हटलं, "आता ढकलू नकोस."

पुढच्याच आठवड्यात तपासणी झाली. थोडा दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, उपचार आहेत, पण महिने लागतील, धीर धरा. औषधं सुरू आहेत. धीर धरणं अजून जमत नाही, पण आता डॉक्टरांकडे आम्ही दोघं जातो.