तिन्ही हरणांना एकच मध

बुधवारी सकाळी साडेअकराला मी स्क्रीनवर तीन हरणं शेजारी शेजारी लावली, तर तिन्ही एकाच तपकिरी रंगाची. शुक्रवारी रिलीज होता. म्हणजे त्या दिवशी या हरणांची गोष्ट आमच्या ॲपमधून शाळाशाळांत जाणार होती. मी कपाळाला हात लावला.

मी इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका कंपनीत टेस्ट मॅनेजर आहे. आम्ही प्रायमरी शाळांसाठी गोष्टींचं ॲप बनवतो. बाकीचे बनवतात, माझी टीम त्यातल्या चुका शोधते. सापडलेल्या प्रत्येक चुकीची नोंद करायची, तिला टिकेट म्हणतात. मी ते अप्रूव्ह केलं की बनवणारे दुरुस्ती करतात. थोडक्यात, दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. नवऱ्याचं म्हणणं, घरी मी तेच फुकट करते.

ही गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांची. आपण ज्याला खंडोबाचा किडा म्हणतो तो मँटिस, त्याने हरणं घडवली आणि त्यांना मध खाऊ घातला. गेम्सबॉकला पांढरा मध मिळाला, म्हणून तो पांढुरका. हार्टबीस्टला कोवळ्या मधमाश्यांचं पोळं मिळालं, म्हणून तो तांबूस. ईलँडच्या वाट्याला गांधीलमाश्यांचा काळपट मध आला, म्हणून तो सावळा. रंग काढले तर उरतं काय? तीन हरणं मध खातात. ही काय गोष्ट झाली?

गोष्ट सांगितली कॅटरिनाबाईंनी. त्या सान घराण्यातल्या, सत्तरीच्या, तिकडेच राहतात. त्यांनी ती आजीकडून ऐकली होती. त्यांनी सांगितलं तसंच ॲपमध्ये येतंय ना हे बघायचं काम माझं, म्हणून त्यांच्या व्हिडिओ कॉलला मीही असायची. पहिल्याच कॉलला त्या म्हणाल्या, "आमच्या गोष्टी लोक घेऊन जातात. परत येतात तेव्हा आम्हालाच ओळखू येत नाहीत."

"तसं होणार नाही. मी स्वतः बघेन," मी म्हटलं होतं.

तरी त्यांनी परवानगीच्या फॉर्मवर हाताने एक ओळ लिहिलीच: जनावरांचं रूप बदललं तर गोष्ट परत घेईन.

मी तडक गॅरेथकडे गेले. गॅरेथ आमचा प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे माझा बॉस. त्याने हरणं पाहिली आणि म्हणाला, "छान आहे की ब्राऊन. आपला ब्रँडचा ब्राऊन आहे हा."

"गॅरेथ, गोष्ट रंगांचीच आहे."

"सहा वर्षांच्या मुलांना काय कळणार?"

याच्याशी डोकं लावण्यात अर्थ नव्हता. मी डिझायनर फिओनाला गाठलं. ती शांतपणे म्हणाली, "मला टिकेट आलं, मी रंग बदलले." आता टिकेट टाकणारा कोण, हे बघायचं होतं. तो निघाला सागर, आमच्या पुण्याच्या ऑफिसातला टेस्टर. त्याला फोन लावला तेव्हा माझा आवाज चढलेलाच होता.

"अरे सागर, हरणांचे रंग वेगवेगळे असणं ही चूक कशी?"

"मॅडम, तिन्ही हरणंच ना? एका प्रकारच्या चित्रांना एकच रंग हवा. चेकलिस्टमध्ये आहे."

"कुणी लिहिलं असलं काही?"

"तुम्हीच, मॅडम. ॲपची बटणं वेगवेगळ्या रंगांत आली होती, तेव्हा."

"गोष्ट वाचलीस का तू?"

"आम्हाला नुसती चित्रं येतात, मॅडम. मजकूर दुसऱ्या टीमकडे जातो."

हसावं की रडावं कळेना. गोष्ट एकाकडे, चित्रं दुसऱ्याकडे, आणि सगळे आपापल्या जागी बरोबर. "मग हे अप्रूव्ह कुठल्या शहाण्याने केलं?" मी विचारलं.

सागर म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा बघता का?"

बघितलं. खाली माझंच नाव होतं. आदल्या शुक्रवारी स्टॅनमोरहून ऑफिसला येताना, एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनमध्ये बसल्या बसल्या, मी चाळीस टिकेटं एकदम सिलेक्ट करून एक बटण दाबलं होतं. एकही वाचलं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत मी तासभर ऑफिस पालथं घातलं, आणि मुसळ हे इथे. भयंकर लाज वाटली. सागरला सॉरी म्हटलं. तो बिचारा "इट्स ओके, मॅडम" म्हणाला, त्याने आणखीच कसंतरी झालं.

जुनी चित्रं पुसली गेली होती. नव्याने करायला फिओनाला सोमवार उजाडणार होता. गॅरेथ म्हणाला, "शुक्रवारी आहे तसं जाऊ दे. पुढच्या आठवड्यात बदलू. बाईंना कळणारही नाही."

"मी शब्द दिलाय त्यांना."

"मग तूच सांग त्यांना. आणि गोष्ट का आली नाही, हे शाळांनाही तूच कळव."

मी कॅटरिनाबाईंना कॉल लावला आणि काही न लपवता हरणं दाखवली. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी. न वाचता हो म्हटलं."

"तिघांना एकच मध घातलात तुम्ही," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "गोष्ट आता माझ्याकडे राहील. नीट झालं की दाखवा. मग ठरवते."

शुक्रवारी रिलीज त्या गोष्टीशिवाय गेला. शाळांना ईमेल मी लिहिला. दुसऱ्या आठवड्यात फिओनाची नवी चित्रं घेऊन मी पुन्हा कॉल लावला. गेम्सबॉक पास झाला, हार्टबीस्ट पास झाला. ईलँडशी त्या थांबल्या.

"हा अजून सावळा हवा. गांधीलमाशीचा मध पाहिलाय का कधी?"

मी नाही म्हटलं. फिओनाने ईलँड दोनदा बदलला, तेव्हा कुठे बाईंनी मान हलवली आणि गोष्ट परत दिली.

आता आमच्या चेकलिस्टवर पहिली ओळ आहे: आधी गोष्ट वाचा. सागरने त्याच दिवशी त्यावर टिकेट टाकलं: ही ओळ टेस्ट करता येत नाही. मी ते पूर्ण वाचलं, आणि मग रिजेक्ट केलं.