आण्णांच्या रणगाड्याची माती

भानुदास आण्णा एखादी वस्तू महिनोन्‌महिने खपून देखणी बनवायचे आणि मग तितक्याच निगुतीने ती मळवायला बसायचे. नगरजवळच्या केडगावात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो, त्याच आठवड्यात मी हे पाहिलं. नळाला पाणी कधी येतं हे विचारायला गेलो होतो. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा रणगाडा, आणि पांढऱ्या मिशांचा हा माणूस जुन्या टूथब्रशने त्यावर चिखल उडवतोय. नातवाचं खेळणं खराब झालं असावं असं वाटून मी म्हणालो, धुऊन काढायचाय का? मान वर न करता ते म्हणाले, "धुतलेला रणगाडा पाव्हण्यांना दाखवायचा असतो. ह्यो चालून आलाय."

आण्णा मूळचे पारनेरच्या बाजूचे. लष्करात त्यांनी आयुष्यभर रणगाडा चालवला आणि दफेदार, म्हणजे रणगाडा दलातला हवालदार, म्हणून निवृत्त होऊन इथे घर बांधलं. घरी बसून ते चिडचिडे झाले, तेव्हा पुण्यातल्या त्यांच्या मुलीने, स्वातीने, रणगाड्याचे सुटे भाग असलेला एक खोका आणून दिला. जोडायचा, रंगवायचा, कपाटात ठेवायचा. बाकीचे लोक तिथेच थांबत असतील. आण्णांचं खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं.

त्यांचा सगळा जीव चेनमध्ये. चेन म्हणजे रणगाड्याच्या दोन्ही बाजूंना चाकांवरून फिरणारा लोखंडी पट्टा. नखाएवढ्या कड्या एकात एक अडकवून तो तयार करायचा, त्याला आधी काळपट रंग, मग खाचांमध्ये गंजाचे ओघळ. माती खरीच लागायची. माहेरी, सासरी, लग्नाला कुठेही गेलं की त्यांच्या पत्नी, सिंधूकाकू, परतताना पुडीत माती बांधून आणायच्या. ती वस्त्रगाळ करून, बरण्यांत भरून ठेवून, लागेल तशी पातळ डिंकात कालवून आण्णा बारीक ब्रशने कड्यांत भरायचे. शेवटी शिसपेन्सिल घेऊन कड्यांच्या फक्त उंच कडा घासायचे. जमिनीला घासून लोखंड जिथे उघडं पडतं तिथे तशी चकाकी यायची. मी नागापूरच्या कारखान्यात स्टोअरला आहे. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर चहा घेत हे बघत बसणं हा माझा विरंगुळा झाला. "वरचा रंग कोनीबी देतं, राजूभाऊ," ते म्हणायचे. "गाडी कुठनं आली ते चेनीला इचारायचं."

कपाटात त्यांचे बरेच रणगाडे होते, पण लष्करात त्यांनी स्वतः चालवलेल्या गाडीचा नव्हता. त्याचा खोका स्वातीने कधीच आणून दिला होता. तो त्यांनी वर ठेवून दिला होता. हात नीट बसला की करीन म्हणायचे. करायचा होता तो एका विशिष्ट दिवसाचा. सरावात नदीच्या पात्रात त्यांची गाडी पोटापर्यंत रुतली होती आणि चौघांनी दिवसभर खणून ती बाहेर काढली होती. त्या चौघांतले आता आण्णा एकटेच उरले होते. तो चिखल कसा होता हे ते पुनःपुन्हा सांगत: वरून वाळून पांढरा पडलेला, खाचेत अजून काळा, ओला.

आण्णांना साखरेचा आजार जुना. एके दिवशी चहाचा कप त्यांनी बशीच्या बाहेर ठेवला आणि तो खाली पडून फुटला. नंतर जिन्याची पायरी चुकली. डोळ्यांच्या आत रक्त उतरत होतं. नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. गाडी मीच चालवली. एक शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी. त्यानंतर तिथला तरुण डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसला आणि म्हणाला की आता आहे तेवढी नजर टिकली तरी पुष्कळ, आणि तीही टिकेल असं तो सांगू शकत नाही. काकू पदराशी चाळा करत राहिल्या. आण्णांनी एवढंच विचारलं, "रंग आधी जात्यात का आकार?" परतीच्या वाटेवर शिरूरला चहाला थांबलो, तेव्हा काकूंनी कप आण्णांच्या हातात धरून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो खोका खाली काढायला लावला.

जोडणी त्यांनी बोटांनीच केली. कड्या चाचपून एकमेकींत बसवल्या, काही मोडल्या, पण दोन्ही चेन पूर्ण झाल्या. हिरवा रंग डबीवरून काकूंनी ओळखून दिला. मातीच्या कामाला मात्र ते कुणाला हात लावू देईनात. तीन-चार दिवस आतल्या खोलीत बसून त्यांनी ते केलं आणि मला हाक मारली.

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी बिघडल्याचं मला कळलं. आण्णांनी रणगाडा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"कशी झालीय माती?"

दोन्ही चेन लालभडक होत्या. महाबळेश्वरहून आणलेल्या मातीची बरणी त्यांनी नदीच्या गाळाची म्हणून घेतली होती. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. खोटं बोलावं असं मनात आलं, पण या माणसापुढे मातीबद्दल खोटं बोलणं मला जमेना.

"लाल झालीय आण्णा," मी म्हणालो.

"किती लाल?"

"विटेसारखी."

त्यांनी चेनवरून एकदा अंगठा फिरवला. मग मिशीतल्या मिशीत हसले. "म्हंजी आमी म्हाबळेश्वरात रुतलो म्हनायचं," ते म्हणाले आणि रणगाडा काकूंच्या हातात दिला. काकू तो घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी म्हणालो, तुम्ही सांगा, मी रंगवतो. काही रविवार आम्ही तेही करून पाहिलं. लाल माती धुऊन काढली, गाळ कालवला. माझा ब्रश खाचेत जाण्याऐवजी कडांवरच फासला जायचा. पण त्याहून अवघड होतं त्यांना सांगणं. आता कशी दिसते, ते विचारायचे. मी म्हणायचो, करडी. "करडी कशी? राखेवानी का पावसाळी ढगावानी?" मी चेनकडे बघत राहायचो. दिसत होतं, पण सांगता येत नव्हतं. त्यांना सांगता येत होतं, दिसत नव्हतं. शेवटी एका रविवारी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. तुमचीबी सुट्टी जाती."

त्यानंतर त्यांनी ब्रश मागितले नाहीत. ओट्यावर बसून राहायचे. हिवाळ्यात उसाचे ट्रॅक्टर रस्त्याने जात, तेव्हा आवाजावरून विचारायचे, चाकाला काय लागलंय? मी उठून फाटकापर्यंत जायचो, नीट बघायचो आणि येऊन सांगायचो. त्या वर्षभरात मला थोडंफार सांगता यायला लागलं होतं.

आण्णा वारले, त्याच्या आदल्या आठवड्यात असाच एक ट्रॅक्टर गेला. मी परत येऊन म्हणालो, "काळी माती आहे आण्णा. वरून वाळलीय, पांढरट पडलीय. खाचेत अजून ओली आहे, काजळासारखी."

त्यांनी चेहरा रस्त्याकडे वळवला आणि आवाज पार विरेपर्यंत तसाच ठेवला.

"आसंल," ते म्हणाले. "तुमी म्हनताय तर आसंल."