नवरी खाली, टेकडी वर

सुनंदाताईंच्या दाराची बेल वाजली की आधी आतला पंखा बंद व्हायचा. मग चपला आत ओढल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. "अहो, मी आहे" म्हणत आपण जिन्यात ताटकळायचं आणि त्या आतून विचारणार, "मी म्हंजे कोन?" टेकडी वाचवायच्या आमच्या समितीची पत्रकं वाटत पहिल्यांदा गेले तेव्हा मी वैतागून म्हटलं, "एवढं काय घाबरता?" दाराच्या फटीतून उत्तर आलं, "बाई, भेव असलेलं मानूस टिकते. धीट मानसायचे हार घातलेले फोटो राहतात. मी सोता मोठे करून देल्ले हायेत."

दिलेच होते. यवतमाळकडच्या या बाई लग्नाच्या एका स्टुडिओत दुसरा कॅमेरा सांभाळायच्या. फोटो यांचे, खाली नाव मालकाचं. कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी वरच्या मजल्यावर एक खोली आणि गच्ची भाड्यानं घेऊन एकट्या राहायच्या. समोर सुट्टीचा दिवस गाठून बिल्डरचं पोकलेन टेकडी खायचं. आम्ही शूर कार्यकर्ते सभेत घोषणा देत असताना टेकडीचे फोटो काढले ते या भित्र्या बाईनं, वाळत घातलेल्या साड्यांच्या आडून, मोबाइलवर. पत्रकात त्याखाली आम्ही छापायचो: छायाचित्र, समिती. अट त्यांचीच होती.

मग स्टुडिओ बंद पडला. स्वतःची कामं मिळवायची तर स्वतःचं संकेतस्थळ हवं, असं जो तो सांगायला लागला. करून द्यायला माणूस परवडेना, म्हणून त्या लॅपटॉपवर एआयशी बोलून ते बनवायला बसल्या. त्याला त्या भाऊ म्हणायच्या. "भाऊ, नवरीच्या मागचा रंग लय भडक झाला, जरा उतरवा नं." तो उतरवायचा. "भाऊ, चारदा बदलवलं, रागावले तर नाही नं?" तो म्हणायचा, अजिबात नाही, पाचव्यांदा बदलू या. मी म्हटलं, "ताई, यंत्र आहे ते." त्या म्हणाल्या, "असू दे नं. गोड बोलाले पैसे पडत नाहीत. तुमच्या पुन्यात पडत असतीन."

एके दिवशी दुपारी त्या लॅपटॉप भाजीच्या पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. दार लावून घेत म्हणाल्या, "त्याले माझी गच्ची माहीत हाये."

मोबाइलमधले सगळे फोटो त्यांनी एकदमच त्याला दिले होते. त्यावर त्यानं लिहिलं होतं: "यांतल्या बऱ्याच फोटोंच्या फाइलमध्ये जागेची नोंद आहे आणि ती एकाच ठिकाणाची आहे. ते आपलं घर असेल, तर फोटो टाकण्यापूर्वी नोंद काढून टाकू या." मी हसले. मोबाइल ही नोंद आपोआप ठेवतो, तो तर तुम्हाला सावधच करतोय, असं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "मंग समितीनं तक्रारीसंगं जे फोटो देल्ले, त्यातबी हे असंन?"

माझं हसू तिथंच थांबलं. होतीच नोंद. महापालिकेच्या कार्यालयानंच मागितली होती: जागेच्या नोंदीसह मूळ फाइल द्या, नाहीतर पुरावा धरणार नाही. आणि या शहरात तक्रार कार्यालयात पोचली की ती कुणाविरुद्ध आहे त्याच्या टेबलावरही पोचते. तक्रारीचं उत्तर यायला वर्ष लागतं. तक्रारदाराचा पत्ता मात्र चहा निवायच्या आत पोचतो.

संकेतस्थळ सुरू झालं. त्यावर फक्त लग्नाचे फोटो, नोंद काढलेले. टेकडीचा एकही नाही. घराचा पत्ता नाही. निरोप लिहायला एक चौकट तेवढी होती. पहिला निरोप आला तो असा: "मॅडम, फोटो मस्त. तुमच्या गच्चीवरून टेकडी पण छान दिसत असेल. एकट्याच असता का?" खाली नाव नाही.

आम्ही चौकीत गेलो. साहेबांनी दोनदा वाचून विचारलं, "यात धमकी कुठंय? कौतुकच केलंय की."

घरी येऊन मी म्हटलं, "ताई, आजच्या आज बंद करा हे सगळं." त्या लॅपटॉपपुढं बसल्या. अक्षरं चुकत होती, त्या खोडून पुन्हा टाइप करत होत्या. "भाऊ, पहिलं पान बदलवा. नवरी खाली घ्या, टेकडी वर. खाली माझं पूर्ण नाव."

भाऊनं लगेच केलं नाही. त्यानं विचारलं, "तो निरोप आल्यानंतर नाव आणि हे फोटो एकत्र टाकल्यास धोका वाढू शकतो. जवळच्या कुणाशी बोललात का?"

त्यांनी लिहिलं, "जवळचीच शेजारी बसून हाये. तिचं तोंड पाहासारखं झालं हाये." मग माझ्याकडे वळल्या. "त्यायले माझं घर माहीत हाये. लोकायले माहीत नाही. उद्या मी जिन्यात पडली तर पाय घसरला म्हनतीन अन् मोकळे होतीन. नाव असलं तर कोनी इचारंन तरी, का ही बाई कशी पडली. मी काई धीट नाही झाली. भेव लागते म्हनूनच नाव टाकून राहिली."

मी पत्रकांत निर्भय हा शब्द कितीदा वापरला असेल. त्या दिवसानंतर वापरलेला नाही.

टेकडी वर गेली आणि आठवडाभरात घरमालक आले. "अहो, तुमचं कार्य थोरच आहे. फक्त ते आमच्या गच्चीवरून नको." ताईंनी खोली सोडली. कुठं राहतात ते मी लिहिणार नाही. जाताना एवढंच ठरवून गेल्या: दर रविवारी सकाळी संकेतस्थळावर एक नवा फोटो टाकीन, नाही टाकला तर पत्रक काढा.

मागच्या रविवारी दुपार कलली तरी फोटो नव्हता. फोन बंद. मी कागद ओढला, वर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली, "या कुठे आहेत?" पुढचं वाक्य सुचेना. दिवेलागणीला फोटो आला: कुठल्याशा लग्नात चपला शोधणारा म्हातारा. खाली ओळ होती, मांडवात लाइट नव्हती.

कागद मी फाडलेला नाही. उरलेला मजकूर लिहून ठेवलाय, छपाईवाल्याशीही बोलून ठेवलंय.