व्याह्यांच्या वाटची उनागी

आमच्या व्याह्यांइतका जग फिरलेला आणि जग न पाहिलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. यंत्रं विकणाऱ्या कंपनीत त्यांची हयात गेली, पासपोर्टाची तीन पुस्तकं शिक्क्यांनी भरली, पण आयफेल टॉवर कसा आहे विचारलं, तर म्हणणार, "उंच आहे. तिथून उजवीकडे वळलं की रामेनचं दुकान लागतं." दुबईत त्यांनी पाहिलं ते एक तळघर, जिथं मिसोचं जपानी सूप चांगलं मिळतं. ड्युसेलडॉर्फचं नाव निघालं की त्यांचा आवाज कातर होई, कारण तिथं एकाच रस्त्यावर सात जपानी खाणावळी होत्या आणि मुक्काम मात्र दोनच दिवसांचा. या सगळ्याचं मूळ म्हणजे तरुणपणी कंपनीनं त्यांना तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला जपानला धाडलं होतं. तिथं कुठल्याशा स्टेशनाबाहेर, सहा खुर्च्यांच्या दुकानात ते एकदा जेवले आणि कामातून गेले. पुढची चाळीस वर्षं ते ज्या गावी उतरले, तिथं आधी जपानी स्वयंपाकी शोधत आणि मग हॉटेल.

हे माझ्या सुनेचे वडील. मूळचे रत्नागिरीकडचे; सोमवार सोडला तर मासळीवाचून त्यांचा घास उतरत नसे. आम्ही सांगलीचे, आणि आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. त्यामुळे लग्नाच्या बैठकीत दोन्ही बाजू जरा जपूनच बोलत होत्या. तेवढ्यात माझ्या बायकोनं त्यांच्यापुढे पत्रिका वाचायला ठेवली. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, उघडलं, आणि आत चष्मा नव्हताच. जपानी जेवणाच्या, काळ्या लाकडाच्या दोन काड्या होत्या. "माफ करा वहिनी," ते म्हणाले, "चष्मा घरी राहिला. हे मात्र कधी राहत नाही." बायको हसली आणि लग्न ठरलं.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी, बायको आणि व्याही असे तिघंही नेदरलँड्समध्ये मुलाकडे जमलो. सुनेचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरच्यांनी करायचं. पण तिची आई चार वर्षांपूर्वी गेलेली, म्हणून बापच आला. बहिणीला रोज व्हिडिओ कॉल लावून हा माणूस डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीची पेज शिकला होता. शिवाय माझ्या बायकोचा मान राखून आइंडहोवनजवळच्या बेस्ट नावाच्या गावातल्या त्या घरात त्यांनी मासळीचं नाव काढलं नाही.

आल्या आल्या मुलानं हौसेनं आम्हाला आइंडहोवनच्या एका सुशीच्या हॉटेलात नेलं. टॅबलेटवर बोट दाबायचं आणि पोट फुटेस्तोवर मागवायचं, असा तिथला प्रकार. आम्ही काकडीची सुशी खाल्ली. व्याह्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि एखाद्याच्या निधनाची बातमी कळावी तसे उठून थेट स्वयंपाक्यापुढे जाऊन कमरेत वाकले. त्यांच्या जपानीचा एकही शब्द त्या बिचाऱ्याला कळला नाही, कारण तो चिनी होता. एवढा म्हातारा गिऱ्हाईक आपल्याला नमस्कार का करतोय हे न उमजून त्यानं घाबरून आम्हाला आइस्क्रीम फुकट दिलं. परतीच्या वाटेवर गाडीत व्याही एवढंच म्हणाले, "भात फ्रिजमध्ये ठेवला होता. भाताला थंडी वाजते हो, अण्णा."

हे किस्से मी परत आल्यापासून प्रत्येक लग्नकार्यात सांगत आलो आहे आणि माणसं पोट धरून हसली आहेत. त्यात शेवटी एक किस्सा असे: व्याह्यांनी मला वांगं म्हणून मासा कसा खाऊ घातला. त्यावर सर्वांत मोठा हशा व्हायचा. तो किस्सा खोटा आहे. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर. खरं काय ते लिहून ठेवतो.

मार्चमध्ये नातू झाला आणि पाठोपाठ सगळं बंद पडलं. विमानं बंद, दुकानं निम्मी बंद, आणि व्याह्यांना ताप. सुनेनं तिथल्या घरच्या डॉक्टरला फोन केला. त्यानं तिकडच्या रीतीप्रमाणे पॅरासिटामॉल आणि विश्रांती सांगितली. पंधरा दिवस माळ्यावरच्या खोलीत काढून ते ठणठणीत होऊन खाली आले आणि पुन्हा स्वयंपाकघरात उभे राहिले. एका सकाळी मी पाणी प्यायला गेलो, तर गॅसवर दूध करपून काळं झालेलं, घरभर वास, आणि व्याही त्या पातेल्याशेजारी शांतपणे मेथी निवडत बसलेले.

"अहो, दूध!"

त्यांनी पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "मला काही येत नाही, अण्णा," ते हळूच म्हणाले. "वास नाही, चव नाही. मीठ अंदाजानं घालतो. पोरीला सांगू नका. ओली बाळंतीण आहे, दूध आटेल काळजीनं."

मी सांगितलं नाही. तेवढं एक वचन पाळलं.

जुलैत हॉटेलं उघडली होती आणि गाडीनं फिरायची मोकळीक मिळाली होती. व्याह्यांनी टेबल राखून ठेवलं ॲम्स्टेलव्हेनला. ॲमस्टरडॅमला चिकटलेलं ते गाव, तिथं बरीच जपानी कुटुंबं राहतात. घरी सांगितलं की दोघं म्हातारे जरा पाय मोकळे करून येतो. पाय मोकळे करायला आम्ही दोन गाड्या बदलून, तोंडाला मास्क बांधून जवळजवळ दोन तास गेलो. दारात एका मुलीनं खोकला आहे का, ताप आहे का विचारलं. व्याही म्हणाले, "काहीच नाही." त्याहून खरं उत्तर त्या दारात कुणी दिलं नसेल.

माझ्यासाठी त्यांनी टोफू आणि भोपळ्याची भजी मागवली, स्वतःसाठी उनागी. म्हणजे वाम मासळी, निखाऱ्यावर भाजून लाकडी पेटीत भातावर मांडलेली, वर चकचकीत तपकिरी रस. पेटी पुढे आली तसे ते सावरून बसले, काड्या काढल्या, हात जोडले. पहिला घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. मग काड्या खाली ठेवल्या.

"इथं तरी येईल वाटलं होतं," म्हणाले. "रबर आहे. सगळं रबर."

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. मी पेटी माझ्याकडे ओढली.

"अहो, काय करताय? चातुर्मास सुरू आहे तुमचा. वहिनी काय म्हणतील?"

"वहिनी इथं नाहीत. मी खातो आणि तुम्हाला सांगतो कसं लागतंय ते."

"नको हो अण्णा. माझ्यापायी नको." त्यांनी माझं मनगट धरलं होतं. ते सोडवून मी घास घेतला. सत्तर वर्षांत पहिला.

आणि काय सांगू! दुसरा घेतला. तिसरा घेतला. तिकडे ते पुढे वाकून, लहान मूल गोष्ट ऐकायला बसावं तसे बसले होते. "सांगा ना. कसंय?"

"छान आहे."

"छान म्हणजे? लग्नातल्या जिलबीलाही छान म्हणतात."

पण माझ्या तोंडात चौथा घास होता. वाढणारी मुलगी हसत हसत आली आणि तिनं त्यांच्याच फोनवर आमचा फोटो काढला. "घरी गेल्यावर निवांत सांगतो," मी म्हटलं, आणि पेटी स्वच्छ केली.

आता, व्याह्यांच्या फोनमधले फोटो नातवासाठी म्हणून मुलानं थेट टीव्हीला जोडून दिले होते, हे आम्हा दोघांच्याही गावी नव्हतं. संध्याकाळी सगळे चहाला बसलेले. टीव्हीवर नातू आला, पाळणा आला, गावातला कालवा आला. मग मी आलो, भिंतभर. डोळे मिटलेले, काड्यांत वाम.

"अण्णा, व्हॉट इज धिस?" मुलगा म्हणाला.

"ही तर उनागी," सून म्हणाली. "मासा आहे हा, अण्णा!"

बायकोनं फक्त कप खाली ठेवला. पन्नास वर्षं जिच्याबरोबर मी उपास केले, तिच्या त्या कपाच्या आवाजानं माझा धीर सुटला.

"मला वांगं म्हणून सांगितलं होतं," मी म्हणालो.

सगळ्यांच्या माना व्याह्यांकडे वळल्या. खरं बोलायचं, तर त्यांना मुलीपुढे आपलं दुखणं उघडं करावं लागलं असतं. शिवाय मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला खोटं पाडायचं नाही, ही आपल्याकडची जुनी सवय, आणि मी तिच्यावरच विसंबलो होतो. ते उठले, हात जोडले. "वहिनी, चुकलं माझं. थट्टा अंगाशी आली."

"बाबा, तुम्ही असं करूच कसं शकता?" सून रडायला लागली.

माझी बायको म्हणाली, "उद्यापासून स्वयंपाकघरात मी बघेन. तुम्ही आराम करा."

मोजून सात शब्द. विमान मिळेपर्यंत तीन आठवडे व्याही बाबागाडी घेऊन बाहेरच्या बाकावर बसत. मेथीची पेज माझी बायको करी, आणि चांगली करी. ते मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त एकदा विचारलं, "ते सांगायचं राहिलं तुमचं." दारात बायको उभी होती. मी म्हटलं, "काय ते?"

गेल्या महिन्यात एका मुंजीत मी वांग्याचा किस्सा सांगितला. माणसं हसली. शेजारी बसलेली बायकोही हसली, आणि तिचं हसू पाहून मी पान बाजूला सारलं. घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी लेकीसाठी आलेल्या माणसाच्या हातून पळी काढून घेतली." आणि फोन माझ्यापुढे ठेवला. "आधी मुलांना सांगा. मग त्यांना."

मुलांना सांगितलं. सुनेनं एकच विचारलं, "बाबांना अजून वास येत नाही?" ते मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

व्याह्यांना फोन लावला. माफी मागायला चार वाक्यं जुळवून ठेवली होती. दुसऱ्यालाच त्यांनी थांबवलं. "अहो, ते जाऊ द्या. फोडणी कळते आता थोडी. मासळी नाही कळत. तुम्ही ते सांगा. पाच वर्षं थांबलोय."

मी सांगायला लागलो. आधी गोड लागतं, काकवीसारखं, पण लगेच खारट. धुराचा वास आहे, पण चुलीचा नाही, शेकोटी विझताना येतो तसा. वरची कड किंचित कुरकुरते, आणि आतलं दातांना सापडतच नाही, साय विरघळावी तसं जातं. वर हिरवी पूड होती; तिनं ओठांना मुंग्या येतात आणि मागून लिंबाच्या सालीसारखं काहीतरी...

"तिरफळाची बहीण ती," पलीकडून आवाज आला.

मी भराभरा पुढे सांगू लागलो.

"हळू हो, अण्णा," ते म्हणाले. "जेवतोय मी."